कॅनडाच्या पीआरची (कायम वास्तव्याच्या परवान्याची) फाईल दोन वर्षं अडकली आहे, आगरात पोफळी लावाव्यात का?

सुरंगी_दापोली | ११ मे २०२२, रात्री १०.५२

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडे. मी नर्स. पुण्यात नऊ वर्षं आयसीयूत काम केलं. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर निवड करणाऱ्या ऑनलाईन पद्धतीत, फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या गटातून प्रोफाईल टाकलं होतं. १९ फेब्रुवारी २०२० च्या ड्रॉमध्ये, म्हणजे निवडीच्या फेरीत, अर्ज करायचं आमंत्रण आलं. साठ दिवसांची मुदत होती, पण आम्ही रात्रीचा दिवस करून १४ मार्चलाच अर्ज भरला. मेडिकल, पोलीस क्लिअरन्स, बँकेचे दाखले, अनुभवाची पत्रं, सगळं एकदम. तेव्हा सहा महिन्यांत निकाल लागायचा. म्हणून पुण्याची भाड्याची जागा सोडली, फ्रीज आणि कपाट विकलं, मी राजीनामा दिला. दहा दिवसांनी टाळेबंदी जाहीर झाली आणि आम्ही तिघं, मी, हे आणि मुलगी, गावी आलो ते आजपर्यंत इथेच आहोत.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. आगरात एकशे दहा पोफळी होत्या, दुपारपर्यंत सत्तरच्या वर आडव्या झाल्या. सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेल्या. सासूबाई दोन दिवस आगरात गेल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या, उभ्या राहिलेल्या पोफळींखालून पिकलेल्या सुपाऱ्या वेचल्या आणि विहिरीमागे वाफा करून टोचल्या. पुढे ती रोपं पिशव्यांत भरली. पहिल्या पावसाळ्यात रोपं लहान होती. दुसऱ्या पावसाळ्यात लावायच्या वेळी हे म्हणाले, "आई, आपण जाणारच आहोत, आता कशाला? तुला एकटीला शिंपणं झेपणार नाही." त्या काही बोलल्या नाहीत. आता तिसरा मृग येतोय. काल बघितलं तर पिशव्यांची बुडं फाडून मुळं खाली जमिनीत गेली आहेत. रोपं माझ्या कमरेला लागतात.

फाईलचं काय, तर काहीच नाही. खात्यावर "प्रक्रियेत आहे" एवढंच. चौकशी केली की तेच ठरावीक उत्तर येतं. आमच्या घरात रेंज नाही, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, जावं लागतं. तिकडची ऑफिसं आपल्या संध्याकाळी साडेसहाला उघडतात, म्हणून मी रोज साडेसहाला सड्यावर. मेल नसला की रात्री जेवण जात नाही. जवळच्या रुग्णालयात नर्सची जागा निघाली, दोनदा नाही म्हटलं. मुलीची शाळा "तात्पुरती" म्हणून घातली ती तिसऱ्या वर्षात आहे. बाजारात कोणी भेटलं की पहिला प्रश्न, "अजून इथेच?"

माझे प्रश्न. एक, माझं आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) २०२१ मध्येच संपलं, मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्सही जुने झाले. सगळं स्वतःहून परत करून पाठवू का? दोन, फाईल कुठे अडली आहे हे कळायचा काही मार्ग आहे का? आणि तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच मोठा आहे. ती रोपं लावायची की नाही?

---

निवळीचं_पाणी | ११ मे, रात्री ११.२०

ताई, माझाही अर्ज मार्च २०२० चाच. रत्नागिरीहून. एकटीच आहे असं वाटत होतं, तुमचं वाचून बरं वाटलं. बाकी सांगण्यासारखं माझ्याकडेही काही नाही.

---

खाडीवरचा_वारा | १२ मे, सकाळी ७.०५

मी मूळचा दाभोळचा, सध्या कॅनडात ब्रॅम्प्टनला. तुमच्यासारख्या चार-पाच फायली जवळून पाहिल्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

आयईएलटीएसची काळजी आजच सोडा. ते दोन वर्षं चालतं, पण आमंत्रणाच्या आणि अर्ज भरण्याच्या दिवशी चालू असलं की झालं. नंतर संपलं तरी अर्जाला धक्का लागत नाही. वयाच्या गुणांचंही तसंच, आमंत्रण मिळाल्यानंतरच्या वाढदिवसांनी गुण जात नाहीत.

मेडिकल स्वतःहून करू नका. ते बारा महिने धरतात. आज खर्च करून केलं आणि फाईल पुढच्या वर्षी उघडली तर तिसऱ्यांदा करावं लागेल. ते मागतात तेव्हा पत्र येतं, ते घेऊनच त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे जायचं. पोलीस क्लिअरन्सही मागितल्यावर द्यायचा. मात्र पासपोर्ट बघा. कोणाचाही वर्षभरात संपत असेल तर आत्ताच नवा करा आणि वेबफॉर्मवरून नवा नंबर कळवा, कारण व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपुढे देत नाहीत. नोकरी बदलली, पत्ता बदलला, घरात बाळ आलं, हे सगळं त्याच फॉर्मवरून कळवायचं.

फाईल कुठे आहे ते कळतं. त्याला जीसीएमएस नोट्स म्हणतात. कॅनडात राहणाऱ्या कोणीही तुमच्या संमतीने माहितीच्या कायद्याखाली त्या मागवायच्या, फी पाच डॉलर. तुम्ही आयएमएम ५७४४ नावाचा संमतीचा फॉर्म सही करून द्यायचा. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, कधी जास्त लागतात. त्यात पात्रता, गुन्हेगारी तपासणी, सुरक्षा, मेडिकल, प्रत्येकापुढे काय शेरा आहे ते दिसतं. तुमचं कोणी इकडे नसेल तर मी मागवतो. संकोच करू नका.

आणि हे का झालं तेही सांगतो, कारण लोक स्वतःलाच दोष देत बसतात. करोनात सीमा बंद होत्या. बाहेरच्या लोकांना आत आणता येत नव्हतं, आणि २०२१ चं नव्या पीआरचं लक्ष्य तर ४ लाख १ हजार होतं. मग जे आधीच कॅनडात राहत होते त्यांच्या फायली पुढे घेतल्या. १३ फेब्रुवारी २०२१ ला तर फक्त ७५ गुणांच्या कटऑफने २७,३३२ जणांना एका दिवसात आमंत्रण गेलं, सगळे कॅनडात काम केलेले. २०२१ मध्ये ४ लाखांच्या वर लोकांना पीआर मिळाली, आणि तुमच्यासारखे बाहेरचे फेडरल स्किल्डवाले मागे राहिले. डिसेंबर २०२० पासून त्या गटाची नवीन आमंत्रणंही बंद आहेत. जुलैपासून परत सुरू करणार असं एप्रिलमध्ये जाहीर झालंय. म्हणजे त्याआधी तुंबलेल्या जुन्या फायली हलवाव्या लागतील. तुमच्या अर्जात खोट आहे म्हणून तो थांबलेला नाही.

रोपांचं मला कळत नाही. आमच्याकडे खाडीकाठी भातच.

---

मुळे_आणि_मोहर | १२ मे, दुपारी १.४४

मी जरा वेगळं म्हणेन. रोपं लावा, पण पैशांकडे नीट बघून. एक्स्प्रेस एंट्रीत तिकडे स्थिरावण्यासाठी म्हणून बँकेत दाखवलेली रक्कम अर्जाच्या दिवशीच नव्हे, व्हिसा मिळेपर्यंत खात्यात असावी लागते, आणि किमान आकडा दरवर्षी बदलतो. आमच्या ओळखीत एकाने वाट बघता बघता त्यातूनच घराचं काम काढलं. नेमकं त्याच वेळी बँकेचे ताजे दाखले मागितले. मग उसनवारी, आणि अचानक आलेल्या रकमेचा खुलासा. फार त्रास झाला. फाईलच्या ठेवी वेगळ्या ठेवा, त्यांना हात लावू नका. आगराचा खर्च महिन्याच्या मिळकतीतून. म्हणजे नर्सची नोकरी घ्या.

---

वाशिष्ठीकाठ | १२ मे, रात्री ९.३१

मी चिपळूणची. आमचा अर्जही कॅनडाचाच, नवऱ्याच्या नावाने.

२२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांना माहीत आहे. आमचं घर बाजारपेठेच्या मागे, पाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलं होतं. फाईलचे सगळे मूळ कागद लोखंडी कपाटात खाली. पाणी उतरल्यावर कपाट उघडायला पहार लागली. आत डिग्रीचं प्रमाणपत्र, लग्नाचा दाखला, अनुभवाची पत्रं, एकाला एक चिकटून चिखलाची वीट झाली होती. मी ती वीट बादलीतल्या स्वच्छ पाण्यात ठेवून बोटांनी पानं सोडवायचा प्रयत्न केला. शाई पाण्यात उतरत होती ते दिसत होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले, पुरात नव्हते रडले.

विद्यापीठातून दुसरी प्रत काढली, पोलिसात कागद गहाळ झाल्याची नोंद केली, प्रतिज्ञापत्र केलं. पाच महिने गेले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, अर्ज तर ऑनलाईन भरलेला, स्कॅन केलेल्या प्रती मेलमध्ये सुखरूप होत्या. मूळ कागद पुढे लागतातच, पण फाईल बुडाली नव्हती. तुम्ही किनाऱ्यावर राहता. मूळ कागद प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात, माळ्यावर. स्कॅन दोन ठिकाणी. हे आजच करा, पावसाला महिना राहिलाय.

दुसरं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये मला दिवस गेले. आम्ही ठरवून थांबलो होतो, पीआर आली की मग. मी चौतिशीची झाले आणि म्हटलं आता नाही थांबायचं. गरोदरपणात छातीचा एक्स-रे काढत नाहीत, त्यामुळे मेडिकल बाळंतपणानंतरच होईल, फाईल आणखी लांबेल. लांबू दे. आणि बाळ जन्मलं की ते कळवावंच लागतं. न कळवता गेलात तर पुढे त्याच मुलाला बोलावून घेताना अडचण होते, मोठी अडचण. हे वाचणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवा.

तारीख जुलैची आहे.

---

सुरंगी_दापोली | १२ मे, रात्री ११.१५

वाशिष्ठीकाठ, तुमचं तिसऱ्यांदा वाचलं. काळजी घ्या हो. डब्याचं उद्याच करते.

खाडीवरचा_वारा, फॉर्म भरून पाठवते. कसे आभार मानू.

---

आबा_वेंगुर्ला | १३ मे, सकाळी ६.१२

बाय माझे, माका तुमच्या फायलीतला कायएक कळणा नाय. माझो झील कॅनडाक असा, तेचो कागद येवक तीन वर्सां लागली, इतक्याच माका म्हायत. त्या तीन वर्सांत आमी घराची कौलां परतूक नाय. 'झील जातलो, मगे बगू' म्हणान ऱ्हवलो. तिसऱ्या पावसात माजघराचो वासो कुजान खाली इलो, आणि तेची आवस थयच निजलेली. देवाच्या दयेन वाचली. झाडां लाय. सासूक इचारीत बसू नको, तिच्यावांगडा खड्डे मारूक उतर.

---

समुद्रापार | १३ मे, रात्री ८.५०

मी मालवणची, आता न्यू जर्सीत. माझी रांग अमेरिकेची, ती निराळी आहे. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० च्या आसपास आणि एका देशाच्या वाट्याला सात टक्के. १९९० च्या कायद्यापासून हा आकडा तसाच आहे. भारतात जन्मलेल्यांची संख्या त्यात मावत नाही. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत उभं राहिल्याची तारीख, २०१४ ची. कोणत्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर लागला ते सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला येतं, तारीख कधी दोन महिने पुढे, कधी चक्क मागे. एच-वन, म्हणजे नोकरीचा तात्पुरता व्हिसा, वाढवून मिळतो, त्यावर घर चालतं.

एप्रिल २०२१ मध्ये बाबा गेले. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला. भारतात गेले असते तर परतीच्या व्हिसाची अपॉइंटमेंट मिळत नव्हती, आणि ४ मेपासून भारतातून येणाऱ्यांना प्रवेशच बंद झाला. मुलगा सहावीत, नवऱ्याची नोकरी नवीन. मी गेले नाही. दहावा फोनवर पाहिला. भाऊ देवबागला पाण्यात उभा होता आणि फोन कोणीतरी दुसऱ्याने धरला होता, तो सारखा हलत होता. कावळा शिवला का, ते मला दिसलंच नाही. नंतर विचारायचं धैर्य झालं नाही.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुम्ही ज्या दोन वर्षांना वाया गेली म्हणताय, त्या दोन वर्षांत तुम्ही सासूबाईंच्या शेजारी जेवताय. तुमची मुलगी आजीजवळ वाढतेय. मला असली दोन वर्षं मिळाली असती तर मी कुठल्याही फाईलच्या बदल्यात घेतली असती.

---

पूर्वाश्रमीची_परिचारिका | १४ मे, दुपारी ४.०८

सुरंगी, नोकरीबद्दल बोलते. तुम्ही दोन वर्षं वॉर्डबाहेर आहात. पीआर आली तरी तिकडे नर्स म्हणून काम करायला प्रांताच्या नोंदणीतून जावं लागतं, आणि अलीकडच्या काळात काम केलं आहे याचे पुरावे मागतात. घरी बसलेलं प्रत्येक वर्ष तिथे आड येईल. म्हणजे जायचं असेल तरीही नोकरी घ्यायलाच हवी, आणि राहायचं असेल तरी. कंत्राटी मिळाली तरी घ्या. पगाराच्या पावत्या आणि नेमणुकीचं पत्र जपून ठेवा.

---

देवाघरचा_पाऊस | १४ मे, सायंकाळी ६.३०

पुण्यात एक एजंट आहे, "आतून" फाईल पुढे सरकवतो म्हणे. माझ्या आतेभावाने त्याला दीड लाख दिलेत. नंबर देऊ का?

---

खाडीवरचा_वारा | १४ मे, रात्री १०.२२

नका देऊ. आणि आतेभावाला पैसे परत मागायला सांगा. आतून फाईल सरकवणारं कोणी नसतं. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याला परवाना लागतो. सल्लागारांची नोंदणी नोव्हेंबर २०२१ पासून कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सकडे आहे, नाव त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतं. नाहीतर तिथला वकील लागतो. या माणसाने उद्या तुमच्या नावाने एखादा खोटा कागद जोडला तर पाच वर्षांची बंदी तुमच्यावर येते, त्याच्यावर नाही.

खरोखरच फार उशीर झाला आणि नोट्समध्ये कारणही दिसत नसेल, तर फेडरल कोर्टात मँडामसचा अर्ज करता येतो, म्हणजे निर्णय द्या असा आदेश मागायचा. खर्चिक आहे. पण कायदेशीर वाट तीच.

---

सुरंगी_दापोली | २ जून, रात्री ९.४०

मध्ये लिहिलं नाही, माफ करा. दोन-तीन गोष्टी झाल्या.

१६ मेला मी रुग्णालयात जाऊन भेटले. कायमची जागा भरली गेली होती, कंत्राटी होती, ती घेतली. पहिल्या रात्रपाळीला सलाईन लावताना हात थरथरेल असं वाटलं होतं, नाही थरथरला.

समुद्रापारताईंचा प्रतिसाद मी यांना वाचून दाखवला. पूर्ण नाही जमला, अर्धा त्यांनीच वाचला. मग ते उठून आगरात गेले. सकाळी उठून बघते तर मायलेक दोरी धरून नऊ-नऊ फुटांवर खुंट्या मारत होते. दोन आठवडे तेच चाललंय, दोन फुटी खड्डे, खाली शेणखत आणि पालापाचोळा. मोडलेल्या पोफळींचे जुने बुंधे उपटायला गावातली तीन मुलं आली. चौसष्ट खड्डे झाले. सासूबाईंची रोपं चाळीसच निघाली, काहींची मुळं तोडावी लागली त्यात गेली. बाकीची चोवीस श्रीवर्धनी जातीची दापोलीच्या कृषी विद्यापीठातून आणली. मध्ये सावलीला केळी घालतोय, पश्चिमेचं ऊन कोवळ्या खोडाला भाजतं म्हणून.

सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतील. तेव्हा आपण कुठे असू हे घरात कोणी बोललं नाही. शिंपण्याचं मात्र बोललो, शेजारच्या घरातल्या मुलाला महिन्याचे पैसे ठरवलेत, आम्ही असलो तरी नसलो तरी.

---

आबा_वेंगुर्ला | ३ जून, सकाळी ५.५८

बरा केलंस बाय. पयल्या पावसात खोडाक माती लाय, पाणी साचूक देव नको.

---

सुरंगी_दापोली | २१ जून, सायंकाळी ७.३५

नोट्स आल्या. खाडीवरचा_वारा यांनी रात्री फोन करून एकेक ओळ समजावली. पात्रता पूर्ण, २०२० च्या डिसेंबरमध्येच. गुन्हेगारी तपासणी पूर्ण. मेडिकलपुढे "मुदत संपली" आणि त्याच्या खाली काही नाही. म्हणजे फाईल कुठे हरवली नव्हती, दीड वर्ष एकाच खणात पडून होती. कारण कळल्यावर रागापेक्षा मोकळंच वाटलं. रोज सड्यावर जायचं सोडलंय. कामाची पाळी संपवून येताना वाटेत जिथे रेंज लागते तिथे बघते.

---

वाशिष्ठीकाठ | २२ जून, सकाळी ११.०२

आता पत्र येईलच. डबा केलात ना?

---

सुरंगी_दापोली | २२ जून, दुपारी ३.१०

केला. माळ्यावर आहे. तुमची तब्येत?

---

वाशिष्ठीकाठ | २२ जून, दुपारी ३.४५

पाय सुजलेत, बाकी छान.

---

सुरंगी_दापोली | ३० जून, रात्री ८.१८

आलं! मेडिकलचं पत्र आलं, तिघांचं. तीस दिवसांची मुदत आहे. मुंबईत यादीतल्या डॉक्टरकडे ७ जुलैची सकाळची वेळ मिळाली. आदल्या दिवशी खेडहून मांडवी एक्स्प्रेसने निघू, रात्री पोचू. मागच्या वेळी मुलगी नऊ वर्षांची होती, तिला एक्स-रे लागला नव्हता. आता अकरा पूर्ण झाली, तिलाही लागेल. ती विचारतेय दुखतं का.

मुंबईत एक रात्र राहायची सोय कुठे होईल? स्टेशनजवळ असली तर बरं, पावसाचे दिवस आहेत.

---

निवळीचं_पाणी | ३० जून, रात्री ८.२६

ताई, माझी बहीण दादरला राहते, स्टेशनपासून पाच मिनिटं. तिला आत्ताच फोन केला, या म्हणाली. हॉटेल बघू नका. मलाही काल पत्र आलंय, माझी वेळ ८ जुलैची, मीही तिथेच उतरतेय. लेकीला सांगा, अजिबात दुखत नाही, श्वास रोखून उभं राहायचं फक्त.

---

सुरंगी_दापोली | ३० जून, रात्री ८.४०

येतो. सासूबाई विचारतायत, तुमच्या बहिणीला फणसपोळी आवडते की आंबापोळी? दोन्ही बांधून ठेवतायत. चौसष्टातली एकसष्ट रोपं धरली, तीन जागी नवीन लावली आज.